ताण तोडणं

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात घरी गेलो. घर सांगोला तालुक्यात, फाट्यावर एसटीतून उतरलं की दहा मिनिटं चालत. दुपारी दोनला ती दहा मिनिटं फार लांब होतात. रस्त्याच्या दोन्ही अंगाला एकच रंग, मातीचा. बाभळीसुद्धा धुळीने मातकट झालेल्या. चार शेळ्या सोडल्या तर काही हलत नव्हतं. मग आमचं फाटक आलं आणि फाटकावरची बोगनवेल. पान शोधावं लागेल इतकी फुललेली. तो गुलाबी रंग उन्हात डोळ्यांना टोचतो.

मी फाटकाशीच थांबलो. या वेलीचं उदाहरण देऊन मी सहा महिन्यांपूर्वी एका मुलीला एक वाक्य ऐकवलं होतं. ते वाक्य तेव्हा मला फार हुशारीचं वाटलं होतं.

मी पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत काम करतो. वय अठ्ठावीस. दोन वर्षांपासून टीम लीड, म्हणजे स्वतः कोड लिहायचा आणि आणखी पाच जणांकडून लिहून घ्यायचा. त्या पाचांत ही मुलगी सगळ्यांत ज्युनिअर. आमच्याकडे सर वगैरे म्हणायची पद्धत नाही, सगळे नावानेच हाक मारतात. पण ती मराठवाड्यातल्या एका गावातून आलेली, तिला ते जमेना. ती मला दादा म्हणायची. ऑक्टोबरमध्ये एका मोठ्या रिलीजची तारीख डोक्यावर होती. आमच्या दर पंधरवड्याच्या बोलण्यात ती म्हणाली, "दादा, पुढचे दोन आठवडे थोडं कमी काम मिळेल का? झोप होत नाहीये."

मी म्हणालो, "आमच्या गावी फाटकावर बोगनवेल आहे. तिला पाणी जितकं कमी, तितकी ती जास्त फुलते. तुझं तेच चाललंय बघ. या तीन महिन्यांतलं तुझं काम काढून बघ, कुठल्या कुठे गेलीयेस."

ती "हो दादा" म्हणाली. हसलीसुद्धा. काम कमी झालं नाही. रिलीज वेळेवर गेलं, वरून कौतुकाची मेल आली, त्यात तिचंही नाव होतं. फेब्रुवारीत तिने राजीनामा दिला. हातात दुसरी नोकरी नव्हती. कारणाच्या रकान्यात 'वैयक्तिक' एवढंच लिहिलं होतं. बोगनवेलीबद्दल ती कधीच काही बोलली नाही. त्यामुळे ते वाक्य माझ्याकडेच राहिलं, आणि आता मी त्या वेलीसमोर उभा होतो.

*

आधी बाग सांगतो. बाग म्हणजे फार मोठं काही नाही. घराच्या पुढे आणि उजव्या अंगाला मिळून असेल एक गुंठा. फाटकावर बोगनवेल. ओसरीजवळ बटमोगऱ्याची तीन झुडपं. कोपऱ्यात देवचाफा, अंगावर एक पान नाही आणि बोटांसारख्या जाड फांद्यांच्या टोकाला पांढऱ्या फुलांचे गुच्छ. धुण्याच्या दगडाला गेलेल्या भेगेत सदाफुली, ती कोणी लावलेली नाही. मधुमालती छपरावर चढलेली. जास्वंद अर्धी वाळलेली, पण रोज दोन फुलं देवाला देतेच.

आमच्याकडे उन्हाळ्यात बोअर आटतं. वस्तीवर टँकर दर तिसऱ्या दिवशी येतो. अशा वेळी फुलझाडांना पाणी घालणं योग्य की नाही, हा प्रश्न शहरात कॉफी पीत चर्चेला छान आहे. आमच्या घरात तो आईने परस्पर निकाली काढलाय. टँकरचं पाणी थेट झाडाला घालायचं नाही. आधी ते माणसाच्या किंवा भांड्याच्या कामी यायला हवं. तांदूळ-डाळीचं धुवण मोगऱ्याला. भाज्या धुतलेलं पाणी जास्वंदीला. भांडी खंगाळलेलं दुसरं पाणी मधुमालतीला, पहिलं साबणाचं म्हणून ओतून द्यायचं. देवचाफ्याला काही नाही, कारण "त्येचं त्यो बघतो". तिच्याकडे कुठलीही वही नाही, तरी घरातला तांब्याभर पाण्याचा प्रवास तिला पाठ आहे. आमच्या सर्व्हरच्या लोडचं नियोजन इतकं नेमकं नसतं.

बोगनवेल तिच्या यादीत मी कधी ऐकली नव्हती. लहानपणापासून मी धरून चाललो होतो की तिला कोणी पाणी घालत नाही. माझं वाक्य त्यावरच उभं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दात घासताना आईला म्हणालो, "बोगनवेल बघ, पाण्याचा थेंब नसताना कशी फुललीय."

आई म्हणाली, "थेंब न्हाई कसा? मोरीचं सगळं पाणी तिच्याच बुडात जातंय की."

मी मोरीच्या मागे जाऊन बघितलं. खरंच. भिंतीतून बाहेर आलेला पाईप, त्याच्याखाली आण्णांनी कधीतरी काढलेली चर, आणि ती चर फाटकाच्या खांबाशी जाऊन जमिनीत जिरलेली. चार माणसांच्या आंघोळीचं पाणी. मी दहावीत असताना वेल लावली, तेव्हापासूनचं. आई पुढे म्हणाली की मागे एकदा पाईप तुंबला होता आणि महिनाभर कोणाच्या लक्षात आलं नाही, तेव्हा वेल पार वाळायला आली होती. मी तेव्हा हॉस्टेलवर असेन.

कोड चालत नसेल तर आधी लॉग बघायचा, हे मी नव्या मुलांना पहिल्या आठवड्यात शिकवतो. वेल चालत होती, म्हणून मी लॉग बघितलाच नव्हता.

*

तरी वाक्य अगदीच खोटं नव्हतं, हेही खरं. बोगनवेल मूळची दक्षिण अमेरिकेतली. तिला भरपूर पाणी आणि भरपूर खत दिलं तर ती हिरवीगार वाढते आणि फुलायचं टाळते, हे कुठलाही नर्सरीवाला सांगेल. पाणी जरा आखडतं घेतलं की रंग येतो. शिवाय आपण ज्याला तिचं फूल म्हणतो ते फूल नसतंच. ती रंग बदललेली पानं असतात, तीन-तीनच्या जुडीत, आणि त्यांच्या मध्ये पांढुरकी बारीक नळी दिसते ते खरं फूल. लांबून कोणाला दिसत नाही. आमच्या रिलीजनंतरच्या कौतुकाच्या मेलमधले आकडे मला अलीकडे त्या गुलाबी पानांसारखे वाटतात, पण ही उपमा जास्त ताणत नाही. उपमांनी मला आधीच एकदा अडचणीत आणलंय.

ताणत नाही, असं आत्ता लिहिलं. 'ताण' हा शब्द माझ्या घरात आणि माझ्या ऑफिसात दोन्हीकडे रोज वापरतात. ऑफिसात तो डोक्याला येतो. घरी तो डाळिंबाला देतात.

सोलापूरकडच्या वाचकांना हे सांगायला नको, बाकीच्यांसाठी सांगतो. डाळिंबाला आमच्या हवेत वर्षभर थोडी थोडी फुलं येत राहतात. तशी ती येऊ दिली तर माल एका वेळी निघत नाही आणि व्यापारी दारात येत नाही. म्हणून बहार धरावा लागतो. आंबे बहार, मृग बहार, हस्त बहार, यांपैकी एक. त्यासाठी झाडाचं पाणी तोडायचं. हलक्या जमिनीत महिना-दीड महिना, भारी जमिनीत त्याहून जास्त. झाड पिवळं पडतं, पानं गळायला लागतात. राहिलेली पानं गळावीत म्हणून इथ्रेलची फवारणी करतात. त्यातून इथिलीन वायू सुटतो आणि पानाचा देठ सुटा होतो. छाटणी होते, खत पडतं. आणि मग एका ठरलेल्या दिवशी पुन्हा पाणी सोडतात. त्याला म्हणतात ताण तोडणं. त्यानंतर काही दिवसांत काडीवर लालभडक कळी निघते.

लहानपणी मी या सगळ्यातला पहिला अर्धा भागच बघितला असावा. वाळलेली बाग आणि नंतर कळी. दोन फोटो. मधलं पाणी माझ्या डोक्यातून गळून गेलं होतं.

त्या रात्री जेवताना मी आण्णांना विचारलं, "ताण दिल्यावर झाड फुलतं म्हणजे नेमकं काय होतं?"

आण्णा म्हणाले, "ताण दिल्यानं न्हाई फुलत. ताण तोडल्यावर फुलतं. नुसता ताण दिला तर मरतंय."

मला वाटलं ते शब्दांचा खेळ करतायत. ते खेळ करणारे गृहस्थ नाहीत.

*

मग मी वाचायला बसलो, आमच्या पिढीची सवय. ब्राझीलचे वनस्पतिशास्त्रज्ञ पाउलो अल्विम यांचा 'सायन्स' या नियतकालिकातला १९६० सालचा लेख आहे, कॉफीच्या फुलण्यावर. कॉफीच्या कळ्या तयार होतात आणि झोपून राहतात. सतत पाणी मिळालेल्या झाडांच्या कळ्या झोपूनच राहिल्या. आधी काही काळ कोरडं ठेवून मग पाणी दिलेली झाडं फुलली. म्हणजे कोरड हवी, हे अल्विम यांनी स्पष्टच म्हटलंय. पण कोरड असताना फुलं आली नाहीत, ती आली पाणी मिळाल्यावर. कोडगू, चिकमगळूरकडे मार्च-एप्रिलमध्ये पहिली सर पडली की आठ-दहा दिवसांत मळेच्या मळे पांढरे होतात. तिथले लोक त्या सरीचीच वाट बघत असतात. आधीच्या कोरड्या महिन्यांचं गुणगान कोणी करत नाही.

मग पळस, पांगारा, आमचा देवचाफा यांचं काय? ते तर ऐन कोरड्यात, एक सर पडलेली नसताना फुलतात. यावर रॉल्फ बोर्चर्ट यांनी कोस्टा रिकाच्या ग्वानाकास्ते भागात, म्हणजे आपल्यासारख्याच पानझडी जंगलात, अनेक वर्षं काम केलं. १९९४ साली त्यांनी 'इकॉलॉजी'त मांडलं ते असं. उन्हाळ्यात झाड पानं टाकतं तेव्हा पानांतून उडून जाणारं पाणी वाचतं. ज्या झाडाच्या खोडात पाणी साठलेलं आहे किंवा ज्याची मुळं खोल ओलीपर्यंत पोचली आहेत, ते झाड पानं टाकल्यावर आतून पुन्हा भरतं, आणि मग फुलतं. कोरड्या खडकाळ जागेवरचं, खोडात साठा नसलेलं झाड त्याच उन्हाळ्यात काही करू शकत नाही, पावसाची वाट बघत उभं राहतं. ऊन एकच, पाऊस नसणंही एकच. फरक साठ्याचा.

देवचाफ्याच्या त्या जाड फांद्या दिसतात ना, ती त्याची टाकी आहे. आई म्हणते त्येचं त्यो बघतो, ते शब्दशः खरं निघालं.

शिवाय या झाडांसाठी कोरडा ऋतू म्हणजे संकट असं म्हणणंही आपलीच घाई. डॅनियल जॅन्झन यांनी १९६७ साली मध्य अमेरिकेतल्या झाडांबद्दल लिहिताना दाखवलं की कोरड्यात फुलण्यात झाडाचे स्वतःचे फायदे आहेत. पानांच्या गर्दीत फूल झाकलं जात नाही, पाखरांना आणि माश्यांना ते लांबून दिसतं. पळस पावसाच्या तोंडावर बी जमिनीवर टाकून मोकळा होतो. उन्हाळा हे त्याचं वेळापत्रक आहे, हजारो पिढ्यांचं. त्याला कोणी उन्हाळा दिलेला नाही. डाळिंबाला ताण दिला जातो. देणारा माणूस असतो, त्याचं त्यात काहीतरी असतं.

'ताण देणं' यातलं 'देणं' मी इतकी वर्षं ऐकलंच नव्हतं.

*

इथे एक अडचण आहे आणि ती टाळून पुढे जाणं बरं नाही. माझ्या पुण्याच्या बाल्कनीत मोगऱ्याची एक कुंडी आहे, आईने दिलेल्या फांदीची. तिला मी दोन वर्षं रोज पाणी घातलं. रोज म्हणजे रोज, सुट्टीवर गेलो तर शेजारच्या काकूंना सांगून. दोन वर्षांत कुंडी पानांनी भरली आणि फुलं आली मोजून सात. व्हिडीओ कॉलवर आईला दाखवली तर म्हणाली, "माजलाय त्यो. पाणी तोड थंडीत, पानं काढ, छाट." पुढच्या डिसेंबरात तसं केलं, छाटताना वाईट वाटलं. मार्चच्या शेवटी एका सकाळी खिडकी उघडली तर वासाने खोली भरली.

तेव्हा ताण वाईटच, सगळ्यांना नेहमी भरपूर पाणी द्या, असं मला म्हणता येणार नाही. माझ्या टीममध्ये असं एक माणूस आहे ज्याला मी वर्षभर सोपी कामं दिली, कारण तो नाराज होऊ नये, आणि आज तो जिथे होता तिथेच आहे. त्याचं नुकसान मीच केलंय. अवघड काम माणसाला उघडतं, हे मी स्वतःवरून जाणतो.

पण स्वतःवरून जाणतो म्हणजे काय जाणतो, ते जरा उलगडून बघितलं. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षी माझे दोन विषय राहिले होते. मराठी माध्यमातून आलेलो, वर्गात काय चाललंय ते कळायचं नाही, घरी फोन करायची लाज वाटायची. ते वर्ष माझ्या अंगावर गेलं. पुढे मी सावरलो, नोकरी लागली, आणि तेव्हापासून कोणी विचारलं की सांगतो, त्या वर्षाने मला घडवलं. मुलाखतीतसुद्धा सांगितलंय. खरंच त्या वर्षाने घडवलं का? त्या वर्षी हॉस्टेलवरचा एक सीनिअर रोज रात्री जेवणानंतर माझ्या खोलीवर येऊन डेटा स्ट्रक्चर्स शिकवायचा, चार महिने. मेसवाल्या मावशींनी तीन महिने पैसे मागितले नाहीत. आण्णांनी फीसाठी काय विकलं ते मला नोकरी लागल्यावर कळलं. ताण दुखला म्हणून लक्षात राहिला. पाणी गुपचूप येत होतं, मोरीच्या पाईपासारखं, भिंतीच्या मागून. श्रेय मी ताणाला देऊन टाकलं, आणि पुढे तेच औषध म्हणून दुसऱ्याला दिलं.

आणि माझ्याच वर्गातले जे सावरले नाहीत त्यांच्या मुलाखती कोणी घेत नाही. आमच्या घरामागे चार कुंड्या पालथ्या पडलेल्या आहेत. तीन गुलाब आणि एक अनंत, २०१९च्या उन्हाळ्यात गेले. फाटकावरच्या बोगनवेलीचा फोटो मी किमान दहा वेळा काढून स्टेटसला लावला असेल. त्या कुंड्यांचा एकही नाही.

*

आण्णांशी पुन्हा बोललो, निघायच्या आदल्या संध्याकाळी, बांधावर. आमची डाळिंबं यंदा नुसती उभी आहेत. मागच्या हंगामात तेल्या आला, झाडं खंगली, म्हणून आण्णांनी यंदा बहार धरलाच नाही. कर्जाचा हप्ता असताना बहार सोडणं म्हणजे काय ते शेतकऱ्याच्या घरातल्यांना कळेल. मी विचारलं, धरला असता तर?

त्यांनी एक काडी हातात धरून वाकवली. म्हणाले, "काडीत साठा नव्हता. साठा नसताना ताण द्यायचा म्हंजे झाडाशी बेइमानी."

मग ते बोलत राहिले, मी नुसता ऐकत होतो. ताण द्यायच्या आधी दोन गोष्टी बघायच्या. काडीत साठा आहे का, आणि ताण तोडायला पुढे पाणी आहे का. आंबे बहार धरायचा तर पुढे सगळा उन्हाळा पाणी लागतं. विहिरीत ते नसेल तर आंबे बहाराचं नावच काढायचं नाही, मग भाव कितीही असो. ताण चालू असताना रोज बागेत फेरी मारायची. एकाच बागेत उताराचं झाड लवकर पिवळं पडतं, सखल जागेतलं उशिरा, सगळ्यांना एक तारीख लागू होत नाही. दोन वर्षांच्या आतल्या झाडाला ताण द्यायचाच नाही, त्याने आधी वाढायचं. ताण तोडताना एकदम भसाभस पाणी सोडायचं नाही, पहिलं पाणी हलकं. आणि माल निघाल्यावर झाडाला विसावा. सोलापूरला २००५ पासून राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे, तिथल्या शिबिरांना आण्णा जात आलेत, त्यामुळे यातलं किती वाडवडिलांचं आणि किती शास्त्रज्ञांचं ते वेगळं काढता येत नाही. काढायची गरजही नाही.

दोन वर्षांच्या आतल्या झाडाला. ती दीड वर्षापूर्वी आमच्याकडे लागली होती.

मी म्हणालो, "म्हणजे नीट दिला तर ताण झाडाच्या भल्याचाच असतो."

आण्णा हसले. म्हणाले, "भल्याचा कशाचा? झाडाला काय पडलंय एका टायमाला फळ द्यायचं? मी माज्या कर्जासाठी देतो ताण. झाडाच्या नावावर कशाला खपवू?"

मला आजवर वाचलेल्या मॅनेजमेंटच्या कुठल्याही पुस्तकाने इतकं अवघडवलं नव्हतं. मी तिला ताण दिला तो रिलीजच्या तारखेसाठी. तारीख वरून आली होती, ती हलवणं माझ्या हातात नव्हतं, हे सगळं खरं. मी सरळ म्हणू शकलो असतो की तारीख आहे, तुझी गरज आहे, आणि संपल्यावर तुला आठवडाभर सुट्टी मिळवून देतो. तिने कदाचित हो म्हटलं असतं. कदाचित नाही म्हटलं असतं, आणि तो तिचा हक्क होता. मी काय केलं, तर ती गरज तिचीच आहे असं तिला सांगितलं. तू फुलतीयेस, असं. त्यामुळे तिला नाही म्हणायची जागाच उरली नाही. स्वतःच्या फुलण्याला कोण नाही म्हणेल?

आई दर संकष्टीला उपास करते. दिवसभर पाण्यावर, उन्हात, घरातलं सगळं करून. लहानपणी मी तिला कर म्हणून सांगितलेलं नाही आणि नको म्हटल्यावर तिने ऐकलेलंही नाही. चंद्र दिसल्यावर ती सोडते. तिचा ताण तिने धरलेला आणि तोच तिने तोडायचा. तेच दुसऱ्या कोणी तिच्यावर लादलं असतं तर त्याला उपासमार म्हटलं असतं, भूक तेवढीच असली तरी.

'मीही वरच्यांच्या हाताखालीच आहे, मी नुसता मधला पाईप' असं मी दोन महिने स्वतःला सांगत होतो. आण्णांसोबत बांधावरून परत येताना ते बंद झालं, कारण त्या ऑक्टोबरच्या दोन आठवड्यांचा बोर्ड मला अजून आठवतो. तिच्या नावावर सात कामं होती. त्यातली दोन मी एका शनिवारी बसून करू शकलो असतो. कुठली दोन, तेही मला तेव्हा माहीत होतं. त्या शनिवारी मी सिंहगडावर गेलो होतो.

*

त्या रात्री अंगणात बाजेवर पडून तिला मेसेज लिहिला. तीनदा खोडला. पहिल्या मसुद्यात बोगनवेल होती, मोरीचा पाईप होता, अल्विमसुद्धा येतो की काय असं झालं होतं. मग लक्षात आलं की हा मेसेजही मी माझ्यासाठीच लिहितोय. शेवटी एवढंच पाठवलं: ऑक्टोबरमध्ये तू काम कमी करायला सांगितलं होतंस, मी करायला हवं होतं, करू शकत होतो, आणि वर जे बोललो ते चुकीचं होतं. माफ कर.

दोन निळ्या टिका लगेच आल्या. उत्तर तिसऱ्या दिवशी आलं, मी पुण्यात स्टँडअपमध्ये असताना. "ठीक आहे दादा. सध्या घरीच आहे. झोप होते." त्यावर काय लिहावं ते सुचलं नाही, अजून सुचलेलं नाही. 'दादा' लिहिलंय याकडे मी बराच वेळ बघत होतो. त्यातून काही निष्कर्ष काढायचा नाही असं ठरवलंय.

निघायच्या सकाळी टँकर आला होता. आईने हंडे, कळश्या, बादल्या, जुना पिंप, सगळं भरून घेतलं. सगळ्यात शेवटी एक प्लास्टिकचा डबा उरला होता, तो तिने तसाच स्वच्छ पाण्याने भरला आणि माझ्या हातात दिला. टँकरचं पाणी झाडाला नाही, हा तिचा नियम मला माहीत होता म्हणून मी बघतच राहिलो.

"मोगऱ्याला घाल," ती म्हणाली. "काल धुवण न्हवतं. आन् बुडात घाल, फुलांवर नको. एष्टी जाईल, आवर."